तार तीच, ऐकण्याची जागा वेगळी: इलेक्ट्रिक गिटारवरचा छोटा खटका नेमकं काय करतो?

गिटारवादकाला जवळून बघताना एक गोष्ट हमखास दिसते. सोलो रंगात आलेला असतो आणि मधेच उजव्या हाताची करंगळी खाली झुकते, तारांखालच्या एका छोट्या खटक्याला ढकलते आणि परत जागेवर येते. सगळा पाव सेकंदाचा खेळ, पण त्यानंतर आवाज तोच राहिलेला नसतो. आधी जो गोल आणि घुमणारा होता, तो आता धारदार झालेला असतो. कधी याच्या उलटही होतं.

बघणाऱ्याला वाटतं, याने आवाज वाढवला असेल. ज्याने नुकतीच पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतली आहे, त्यालाही फार काही उमगलेलं नसतं. खटक्याला तीन किंवा पाच जागा आहेत आणि प्रत्येक जागी आवाज बदलतो, एवढं त्याला कळतं. कुठली जागा कधी वापरायची, हे मात्र कोणी सांगत नाही. मग खटका एका जागी ठेवला जातो आणि महिनोन्‌महिने तिथेच राहतो.

मला याचं फार वाईट वाटतं. पेडल (पायाने चालवायचे आवाज बदलणारे डबे), अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर), तारांची जाडी यांवर लोक तासन्‌तास बोलतात, आणि जो आवाज गिटारमध्ये आधीपासून आहे, बोटाच्या अंतरावर आहे, त्याकडे लक्ष जात नाही. म्हणून हा खटका मुळापासून समजून घेऊ.

पिकअप म्हणजे काय?

पोकळ पेटीची साधी गिटार आपल्या पोटातून बोलते. तार थरथरते, तिच्यामुळे वरची फळी थरथरते, पेटीतली हवा हलते आणि आवाज आपल्या कानापर्यंत येतो. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारला असं पोट नसतं. अँप न जोडता वाजवली तर ती शेजारच्या खोलीतही जेमतेम ऐकू जाईल. तिच्या तारांची हालचाल विजेच्या रूपात अँपपर्यंत पोचते, आणि हालचालीची वीज करणारा भाग म्हणजे पिकअप. तारांच्या खाली गिटारच्या अंगात बसवलेल्या लांबट पट्ट्या दिसतात ना, ते पिकअप.

आत फारसं काही नसतं. एक किंवा अनेक चुंबक आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे, म्हणजे कॉइल. ही तांब्याची तार केसाइतकी बारीक असते, साधारण 0.06 मिलिमीटर, आणि एका कॉइलवर तिचे सात-आठ हजार वेढे असू शकतात. चुंबकामुळे वरची पोलादी तारही थोडी चुंबकीय होते. ती थरथरली की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र तिच्याच गतीने बदलत राहतं, आणि क्षेत्र बदललं की कॉइलमध्ये वीज तयार होते. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवलेलं हे तत्त्व. वीजनिर्मिती केंद्रातली अजस्र जनित्रंही याच तत्त्वावर चालतात. तिथे टर्बाइन फिरतं, इथे तार थरथरते.

म्हणजे पिकअप माइकसारखा हवेतला आवाज टिपत नाही, तो पोलादाची हालचाल टिपतो. नायलॉनच्या तारा लावल्या तर त्याला काहीच कळणार नाही. आणि त्याला अख्खी तार कळत नाही, हे तर त्याहून महत्त्वाचं. त्याच्या थेट डोक्यावरून जाणारा एखाद-दोन बोटांचा तुकडा, तेवढंच त्याचं जग. पुढची सगळी गंमत या एका मर्यादेतून जन्माला येते.

एकच तार जागोजागी वेगळी का असते?

दोन मुलं दोरीची टोकं धरून ती फिरवताहेत आणि तिसरं मधे उड्या मारतंय, असं डोळ्यांसमोर आणा. मधोमध दोरीचा केवढा मोठा फुगवटा होतो! हाताजवळ मात्र तीच दोरी जेमतेम हलते. कोणी तुम्हाला फक्त मधला वीतभर भाग दाखवला आणि दुसऱ्याला फक्त हाताजवळचा, तर तुम्ही दोघं एकाच दोरीचं अगदी वेगवेगळं वर्णन कराल.

गिटारची तार या दोरीपेक्षा गुंतागुंतीची असते, कारण ती एकाच वेळी अनेक तऱ्हांनी थरथरते. अख्खी तार वरखाली होते, त्यातून मूळ स्वर येतो. त्याच क्षणी ती दोन समान भागांतही हलत असते, तीन भागांत, चार भागांत, पुढेही. दोन भागांच्या हालचालीतून मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेचा सूर येतो, तिनांतून तिप्पट, चारांतून चौपट. यांना आपण उपस्वर म्हणू: दुप्पटीचा तो दुसरा, चौपटीचा तो चौथा. एकच स्वर बासरीवर आणि व्हायोलिनवर वेगळा लागतो, त्याचं एक मोठं कारण या उपस्वरांचं कमी-अधिक प्रमाण.

जिथे दोन भाग एकमेकांना मिळतात, तो बिंदू त्या उपस्वरापुरता स्तब्ध असतो. शाळेच्या भौतिकशास्त्रात त्याला निस्पंद म्हणत. निस्पंदाखाली बसलेल्या पिकअपला तो उपस्वर जाणवतच नाही.

आता आकडे घालून बघू. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर, थोडक्यात स्ट्रॅट, घराण्यातल्या गिटारवर मोकळ्या तारेची लांबी 648 मिलिमीटर असते. ब्रिज म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तो भाग. त्याला लागून, साधारण 4 सेंटिमीटरवर ब्रिज पिकअप. मधला पिकअप 10 सेंटिमीटरच्या आसपास. आणि मानेच्या टोकाशी, ब्रिजपासून सुमारे 16 सेंटिमीटरवर नेक पिकअप, म्हणजे मोकळ्या तारेच्या जवळजवळ बरोबर पाव अंतरावर. यातला कुठला पिकअप चालू ठेवायचा, ते खटका ठरवतो.

नेक पिकअपच्या वर मूळ स्वराची हालचाल ब्रिज पिकअपपेक्षा तिपटीहून जास्त असते. म्हणून त्याचा आवाज भरलेला, गोल, उबदार. ब्रिजपाशी मूळ स्वर जेमतेम हलतो, पण सातवा-आठवा उपस्वर नेमका तिथेच सगळ्यात जोरात हलत असतो. म्हणून तो आवाज टोकदार, कडक, कापत जाणारा. दोन्ही पिकअप आतून अगदी सारखे बनवले तरी हा फरक राहतो.

हातात स्ट्रॅट घराण्यातली गिटार असेल तर हे आत्ता तपासता येईल. पाचव्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या पाचव्या आडव्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर तारेला बोट हलकेच टेकवा, छेडा आणि लगेच बोट उचला. घंटेसारखा एक बारीक सूर येईल. तो चौथा उपस्वर. ब्रिज पिकअपवर तो लख्ख ऐकू येतो. आता बाकी काही न बदलता खटका नेकवर न्या आणि तोच सूर परत काढा. तो जवळजवळ गायब होतो. तार तितकीच थरथरते आहे, पण नेक पिकअप त्या उपस्वराच्या निस्पंदाखाली बसला आहे. मी ज्यांना ज्यांना हा प्रयोग करायला लावला, त्यांनी त्यानंतर खटक्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं.

तीन पिकअपना पाच जागा कशा?

फेंडर कंपनीने 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर आणली तेव्हा तिच्यावर तीन पिकअप होते आणि खटक्यालाही तीनच जागा होत्या: ब्रिज, मधला, नेक. एका वेळी एकच वापरायचा, असा बनवणाऱ्यांचा विचार. पण वादकांचे हात स्वस्थ बसत नाहीत. खटका दोन जागांच्या अध्येमध्ये अडकवून ठेवला की त्याची पट्टी दोन्ही बाजूंच्या संपर्कांना टेकते आणि दोन पिकअप एकदम चालू होतात, हे लोकांच्या लक्षात आलं. त्यातून निघालेला आवाज एकट्या कुठल्याच पिकअपचा नव्हता. पातळ, काचेसारखा स्वच्छ, थोडा नाकातला. गिटारवाले आजही त्याला ‘क्वॅक’ म्हणतात. ‘डायर स्ट्रेट्स’ बँडचे गिटारवादक मार्क नॉफ्लर यांच्या सुरुवातीच्या वादनात हा आवाज भरपूर ऐकू येतो. फेंडरने 1977 मध्ये पाच जागांचा खटका देऊन या शोधाला रीतसर घर दिलं.

साधारणपणे ब्रिजकडून मोजतात: 1 ब्रिज, 2 ब्रिज आणि मधला, 3 मधला, 4 मधला आणि नेक, 5 नेक. काही जण उलटं मोजतात, तेव्हा कोणी ‘चौथ्यावर ठेव’ म्हणालं तर एकदा विचारून घेतलेलं बरं.

दोन पिकअप जोडले तर आवाज दोघांची सरासरी व्हायला हवा, दोघांहून निराळा का होतो? चौथ्या जागेचं उदाहरण घेऊ. मोकळ्या तारेवर पाचव्या उपस्वराचा पहिला निस्पंद ब्रिजपासून 13 सेंटिमीटरवर येतो, म्हणजे 10 वरचा मधला पिकअप आणि 16 वरचा नेक यांच्या नेमका अधेमधे. निस्पंदाच्या दोन बाजूंना तार विरुद्ध दिशांनी हलते. मधल्या पिकअपवर ती वर जाते तेव्हा नेकवर खाली येते. दोघांचे संदेश एकत्र केले की पाचवा उपस्वर स्वतःलाच खोडून टाकतो. एकेकट्या पिकअपवर तो दणदणीत ऐकू येत होता! असे काही उपस्वर गळतात, काही दुणावतात, आणि त्या नव्या नक्षीला आपला कान ‘क्वॅक’ म्हणून ओळखतो.

या जागांना बरेच जण ‘आउट ऑफ फेज’, म्हणजे एकमेकांच्या उलट जोडलेल्या, म्हणतात. ते बरोबर नाही. तिथे दोन पिकअप एकमेकांना साथ देतात, फक्त तारेच्या वेगळ्या जागी बसल्यामुळे काही उपस्वर कटतात. खरोखर उलट जोडणी केली, तर मूळ स्वरही बराचसा खोडला जातो आणि आवाज अगदी पोकळ, लांबून आल्यासारखा होतो. त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीन यांची लेस पॉल, म्हणजे गिब्सन कंपनीची दोन पिकअपची गिटार. तिच्या नेक पिकअपमधला चुंबक उलटा बसलेला होता, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र लावले की तो रडवेला, पातळ सूर निघे. तो त्यांची ओळख बनला.

गुणगुण घालवणारा पिकअप

एका कॉइलच्या पिकअपला एक खोड असते. घरातल्या विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर, दिवे यांच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला 50 किंवा काही देशांत 60 वेळा मागेपुढे होत असतं. कॉइल तेही पकडते आणि अँपमधून सतत ‘हं’ अशी गुणगुण येते.

गिब्सन कंपनीतले अभियंते सेथ लव्हर यांनी यावर जो तोडगा काढला, त्याचा पेटंट अर्ज 1955 मध्ये गेला, आणि 1957 पासून तसे पिकअप गिब्सनच्या गिटारींवर दिसू लागले. त्याचं नाव हमबकर, म्हणजे गुणगुणीला झुगारणारा. वजन करताना भांड्याचं वजन वजा करतो, तसा हा हिशेब आहे. शेजारी शेजारी दोन कॉइल ठेवायच्या, त्यांचे चुंबक एकमेकांच्या उलट आणि जोडणीही उलट. तारेचा संदेश दोनदा उलटा होऊन सुलटा येतो आणि दोन्हींची बेरीज होते. बाहेरच्या गुणगुणीला चुंबकाशी देणंघेणं नसतं, ती एकदाच उलटते आणि वजा होऊन जाते.

हमबकरचा आवाज जास्त जोरकस आणि दाट असतो, वरची चकाकी थोडी कमी. हेच गणित आजच्या बहुतेक स्ट्रॅटवर दुसऱ्या रूपात असतं: मधला पिकअप मुद्दाम उलटा बनवलेला असतो, म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या जागी गुणगुण थांबते. एखादा वादक दोन गाण्यांमध्ये बोलायला थांबताना खटका चौथ्यावर नेतो, त्यामागे एवढंच कारण असू शकतं.

मग वाजवताना निवड कशी करायची?

‘सोलोला नेक, ऱ्हिदमला ब्रिज’ असा एक नियम नवशिक्याला हमखास सांगितला जातो (ऱ्हिदम म्हणजे साथ). तो चुकीचा नाही, पण नियम म्हणून पाठ केला तर गोंधळ होतो, कारण याच्या बरोबर उलट नियमही एके काळी लिहून ठेवलेला होता, तोही गिटारवरच. गिब्सनच्या लेस पॉलवर वरच्या खांद्याशी एक खटका असतो. त्याच्या तबकडीवर नेकच्या बाजूला ‘ऱ्हिदम’ आणि ब्रिजच्या बाजूला ‘ट्रेबल’ असं छापलेलं असतं. ती गिटार 1952 ची. तेव्हाच्या वाद्यवृंदात कॉर्डची, म्हणजे एकदम छेडलेल्या अनेक सुरांची, साथ मऊ, गोल आवाजात द्यायची आणि सोलोची वेळ आली की गर्दीतून वर यायला ब्रिजची धार घ्यायची.

पुढे डिस्टॉर्शन आलं आणि गणित फिरलं. डिस्टॉर्शन म्हणजे संदेश इतका ठासून भरायचा की तो वरून-खालून कापला जाऊन दाट, खरखरीत व्हावा. यात एकाच वेळी वाजणारे सूर एकमेकांत मिसळून नवे, नको असलेले सूर तयार होतात. खर्ज जितका जास्त, तितका हा चिखल जास्त. नेक पिकअपवर खर्ज भरपूर, म्हणून त्यावर जड डिस्टॉर्शनमध्ये पूर्ण कॉर्ड वाजवली तर नुसता गडगडाट ऐकू येतो, सूर सुटे होत नाहीत. ब्रिजवर खर्ज मुळातच कमी, म्हणून तीच कॉर्ड स्पष्ट राहते. रॉक आणि मेटलमध्ये साथीसाठी ब्रिज घेतात तो यामुळे. आणि सोलोत एका वेळी एकच सूर असल्याने चिखलाची भीती कमी, म्हणून नेकचा भरदार आवाज तिथे परवडतो.

डावा हात उंच सुरांकडे सरकल्यावर नेक पिकअपचं आणखी एक रूप दिसतं. बाराव्या फ्रेटवर बोट ठेवलं की उरलेली तार अर्धी होते, 324 मिलिमीटर. नेक पिकअप तेव्हा कुठे असतो? या छोट्या तारेच्या बरोबर मधोमध. मध्यावर दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, सगळ्याच सम उपस्वरांचे निस्पंद असतात. ते सारे गळतात आणि उरतो क्लॅरिनेटसारखा पोकळ, गोड सूर. उंच सोलो नेकवर ‘गातो’ असं आपण म्हणतो, त्यात या जागेचा मोठा वाटा आहे. तेच सूर ब्रिजवर घेतले तर किंचाळल्यासारखे होऊ शकतात. अर्थात कधीकधी किंचाळीच हवी असते.

स्वच्छ, डिस्टॉर्शनविना आवाजात निवड सर्वांत मोकळी असते. बोटांनी सावकाश कॉर्ड उलगडायच्या असतील तर चौथी जागा फार सुंदर लागते. फंकमधल्या तुटक, तालबद्ध फटकाऱ्यांना दुसरी किंवा चौथी. जॅझवाले नेकवर राहतात आणि टोनचं बटण कमी करून धारही काढून टाकतात. फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारचा ब्रिज पिकअप म्हणजे कंट्री संगीताचा टणत्कार. मधला पिकअप एकटा फार कमी जण वापरतात. मला तो प्रामाणिक वाटतो, ना फार गोल ना फार तिखट, आणि गायकाच्या मागे तो कुणाला धक्का देत नाही.

‘कुणाला धक्का देत नाही’, निवडीचा खरा निकष हा आहे. खोलीत एकट्याने वाजवताना नेकचा भरलेला आवाज सर्वांत सुखद वाटतो. बँडमध्ये मात्र बेस आणि ड्रमच्या पायाच्या ठोक्याने तो खालचा भाग आधीच व्यापलेला असतो. तिथे तुमचा सुखद आवाज दिसेनासा होतो, आणि घरी कर्कश वाटलेला ब्रिज एकदम जागेवर बसतो. दुसरा गिटारवादक ब्रिजवर असेल तर तुम्ही नेकवर जा, दोघांचं बोलणं वेगळं ऐकू येईल. कीबोर्ड जाड सूर धरून बसला असेल तर दुसरी जागा त्यातून सुईसारखी निघते. ‘चांगला आवाज कुठला’ या प्रश्नाला एकट्याने उत्तर नसतं. शेजारी कोण काय वाजवतंय, हे आधी ऐकावं लागतं.

खटका नेमका केव्हा हलवायचा?

शक्यतो श्वासाच्या जागी. सोलो हा बोलण्यासारखा असतो, त्यात वाक्यं असतात आणि वाक्यांमध्ये थांबे. उजवा हात तारांपासून सुटतो तो क्षण खटक्याचा. डावा हात तेव्हा सूर धरून ठेवू शकतो किंवा मोकळी तार वाजत राहू शकते, म्हणजे सुरात खंड पडत नाही. धरलेल्या सुरावरच नेकवरून ब्रिजवर गेलात तर तोच सूर जणू डोळे उघडतो. हा परिणाम मुद्दामही वापरतात.

स्ट्रॅटचा खटका उजव्या हाताच्या अगदी जवळ असतो, करंगळीने किंवा तळव्याच्या कडेने ढकलता येतो. पहिल्यावरून पाचव्यावर जाणं सोपं, कारण खटका टोकाला जाऊन आदळतो, बघावं लागत नाही. दुसरी आणि चौथी जागा अवघड, तिथे ‘खट्’ मोजून थांबायला हाताला शिकवावं लागतं. लेस पॉलवर खटका वर, खांद्याशी. तिथे हात लांबवर न्यावा लागतो, पण चुकून धक्का लागायची भीती नाही. स्ट्रॅटवर जोरात फटकारताना खटका आपोआप सरकल्याची तक्रार नेहमीची.

लेस पॉलची एक जुनी युक्ती मला अतिशय आवडते. तिच्यावर प्रत्येक पिकअपला स्वतंत्र आवाजाचं आणि टोनचं बटण असतं. नेकचा आवाज निम्म्यावर ठेवायचा, ब्रिजचा पूर्ण, आणि अँप असा लावायचा की पूर्ण आवाजालाच तो गुरगुरेल. आता खटका वर असताना स्वच्छ, मऊ साथ, आणि खाली ओढला की गरजणारा सोलो. पायाखाली एकही पेडल नाही! त्याहून पुढे जाऊन एका पिकअपचा आवाज शून्य केला तर खटका चालू-बंद करायचं बटण बनतो. रॉक गिटारवादक टॉम मोरेलो यांनी तो तालात झटपट हलवून सुरांचे तुकडे पाडले आणि त्याचंच एक वादनतंत्र करून टाकलं.

काहींना कारखान्यातून आलेले पर्याय पुरत नाहीत. ‘पिंक फ्लॉइड’चे डेव्हिड गिलमोर यांच्या काळ्या स्ट्रॅटवर एक जादा छोटा स्विच आहे. नेक आणि ब्रिज एकत्र हवे असतील तर नेहमीच्या पाच जागांत ते मिळत नाही, या स्विचने मिळतं. ‘क्वीन’चे ब्रायन मे यांनी 1963 मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली, तिच्या तिन्ही पिकअपना चालू-बंदचे आणि दिशा उलटवण्याचे वेगवेगळे स्विच आहेत.

खटका हलवल्यावर आवाज एकदम मोठा किंवा बारीक होत असेल तर दोष बहुधा उंचीचा असतो. नेकजवळ तार जास्त झुलते, म्हणून नेक पिकअप थोडा खाली आणि ब्रिज थोडा वर ठेवतात. दोन्ही बाजूंच्या स्क्रूने ते जमतं. पण तारेच्या फार जवळ आणू नका, विशेषतः स्ट्रॅटवर. चुंबक तारेला ओढू लागतो आणि वरचे सूर डळमळीत, बेसूर लागतात.

अँपवर बटणं असताना हे कशाला?

हा आक्षेप रास्त वाटतो. अँपवर खर्ज, मध्य आणि तार सप्तकासाठी बटणं असतात. ब्रिजवर ठेवून खर्ज वाढवला तर नेक मिळणार नाही का?

नाही मिळणार. जे पिकअपला कळलंच नाही, ते अँप वाढवणार कुठून? नेकवर चौथा उपस्वर आलाच नसेल तर शून्याला कितीही पटीने गुणा. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. अँपचं बटण सहाही तारांवर एकसारखं काम करतं. पिकअपचं तसं नाही. नेक पिकअप जाड ई तारेवर 330 हर्ट्‌झच्या आसपासचा सूर गाळतो, ए तारेवर 440, डी वर 587, जी वर 784, बी वर 988 आणि बारीक ई वर 1319 च्या आसपास. एकाच पिकअपमध्ये सहा तारांसाठी सहा वेगळ्या चाळण्या आहेत. अँपला कुठला सूर कुठल्या तारेवरून आला हेच माहीत नसतं. म्हणून दोन्ही साधनं लागतात: आधी ऐकण्याची जागा निवडायची, मग अँपने रंग भरायचा.

ऐकणाऱ्याला हे कळतं का?

‘आता दुसऱ्या जागेवर गेला’ असं सांगणारा श्रोता विरळाच. पण गाण्याच्या दुसऱ्या भागात काहीतरी उघडलं, किंवा सोलो अचानक जवळ आला, हे त्याला जाणवतं. आपण फोनवर आईचा आवाज ऐकून तिला सर्दी झाल्याचं ओळखतो, कुठला उपस्वर कमी झाला ते न सांगता. रंग बदललेला कानाला कळतो, नाव माहीत नसलं तरी.

मग एकाच पिकअपवर वाजवणारे?

आहेत, आणि थोर आहेत. रॉकमधले एडी व्हॅन हेलन यांनी स्वतः जोडलेल्या प्रसिद्ध गिटारवर चालू असलेला पिकअप एकच होता, ब्रिजचा हमबकर, आणि आवाजाचं एकच बटण. जॅझमधले वेस माँटगोमेरी यांनी नेकजवळ एकच पिकअप असलेली गिब्सन वाजवली, तीही प्लेक्ट्रमऐवजी (तार छेडायच्या छोट्या पत्तीऐवजी) अंगठ्याने.

त्यांचा खटका उजव्या हातात असतो. पिकअपची जागा ठरवते कुठले उपस्वर ऐकायचे, आणि तार जिथे छेडाल ती जागा ठरवते कुठले उपस्वर मुळात जन्माला घालायचे. नियम तोच: जिथे छेडता तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद आहे, तो उमटत नाही. ब्रिजला खेटून छेडली तर मूळ स्वराला फारसा जोर मिळत नाही आणि सूर करकरीत होतो. मानेकडे सरकत गेलात तर तो पिकल्यासारखा गोड होत जातो. मोकळी तार बाराव्या फ्रेटच्या वर, नेमकी मधोमध छेडून बघा. सम उपस्वर निघतच नाहीत, आणि खटका ब्रिजवर असूनही गिटार क्लॅरिनेटची आठवण करून देते.